भाच्यासाठी सल्ला हवाय: डिप्लोमानंतर रबाळ्याची नोकरी की डायरेक्ट सेकंड इयर?

नमस्कार मंडळी,

बहीण कळव्याला, मी ऐरोलीला. भाच्याचा मेकॅनिकल डिप्लोमा यंदा झाला, 71 टक्के. रबाळे एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये तो ट्रेनिंगला होता, सीएनसीवर (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) हात बसलाय. मालक म्हणतो ये, 18 हजार देतो, ओटी (ओव्हरटाइम) वेगळा. इकडे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचे कॅप राऊंड (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) तोंडावर आलेत.

दाजी म्हणतात नोकरी धर. त्यांची स्वतःची ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडली होती, तरी असं म्हणतात याचं मला आधी नवल वाटलं. पण त्यांनी पाहिलंय ते असं की तेव्हा फिटर-वेल्डर लगेच कुठे ना कुठे लागले आणि पदवीवाले सुपरवायझर घरी बसले. ताईला मात्र पोरगा इंजिनीअरच हवाय.

फीचं फार अडत नाही. कॅपमधून प्रवेश आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून सुटते. खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा. 18 हजारांनी तीन वर्षांचे साडेसहा लाख होतात, ओटी सोडून.

भाचा म्हणतो, "मामा, दोन वर्षं काम करतो, मग सेकंड इयरला जातो." नियमात बसतं, गॅप चालते. पण 'नंतर करतो' म्हणणारे आमच्या सोसायटीत बरेच आहेत. सगळ्यांकडे बाईक आली, डिग्री कोणाचीच आली नाही.

नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बीकॉम होईल, एमपीएससीला चालेलही, पण सीएनसीवाल्याला त्याचं काय? आणि पत्राद्वारे इंजिनीअरिंगला सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच चाप लावलाय. उरते ती नोकरदारांसाठीची डिग्री. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2023 पासून परवानगी दिलीय, वर्षभराचा अनुभव लागतो. ठाणे-नवी मुंबईत कोणी ती करतंय का? फर्स्ट-सेकंड-नाईट शिफ्ट सांभाळून लेक्चरं कशी गाठता?

प्रतिसाद १:
महाप्याला टूल रूममध्ये आहे. फिरती पाळी असेल तर संध्याकाळचं कॉलेज विसरा. जनरल शिफ्ट मिळते का ते आधी विचारा, आणि मिळत असेल तर लिहून घ्या.

दुसरं, नेमणुकीच्या लेटरवर काय लिहिणार? अप्रेंटिस, ट्रेनी की ऑपरेटर? अप्रेंटिस असेल तर मुदत संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन कायद्याने मालकावर नाही, पीएफही नाही. ऑपरेटर असेल तर मशीनचं सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकवणार का? मशीनवर नुसतं जॉब (घडवायचा तुकडा) लाव-काढ करायला डिप्लोमा कशाला हवा? आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला डिग्री कोणी विचारत नाही, पण क्वालिटी किंवा डिझाईनला जायचं तर पहिला प्रश्न तोच असतो.

प्रतिसाद २:
दाजींना सांगा, तेव्हाचे फिटर पर्मनंट होते. आता सगळा कारभार कॉन्ट्रॅक्टचा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आज भाच्याबरोबर जाऊन आलो. लेटरचं काढलं तर मालक म्हणाला, "लेटर कशाला, मी आहे ना." शिफ्ट फिरतीच. ताईचा चेहरा खुलला, दाजी गप्प. कॅपचा फॉर्म भरतोय, पण पोराचा जीव मशीनमध्ये आहे. कॉलेज करता करता शनिवार-रविवारी प्रोग्रॅमिंग शिकता येईल असं ठाण्यात, वागळे इस्टेटच्या आसपास, काही आहे का? खऱ्या मशीनवर शिकवणारं हवं, नुसतं कॉम्प्युटरवर नको.