तळघरातल्या 'डिम लाइट'ला काय म्हणाल?

आमच्या गटात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कल्पनेत पात्रं होऊन खेळायचा खेळ) मराठीतून चालतं, डीएम, म्हणजे प्रसंगांचं वर्णन करून खेळ चालवणारा, मी असतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ब्राइट लाइट, डिम लाइट आणि डार्कनेस अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली आणि तिसरी सोपी. मधलीला 'संधिप्रकाश' म्हणून पाहिलं, तर खेळाडू तळघरात खिडकी शोधायला लागले. दुसरा शब्द सुचवा.

— 'अंधूक' घ्या, सरळ. 'मिणमिणता' मात्र नको. मिणमिणतो तो दिवा, जागा नाही. त्यातून मशाल तर ढणढणते! तिचा २० फुटांपर्यंत स्वच्छ उजेड, पुढचे २० फूट डिम. त्या पट्ट्यात काहीतरी हललं, पण माणूस की खांब ते कळत नाही. नियमही हेच सांगतो: नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (काही लक्षात येतंय का, हे फासा टाकून ठरवतात त्याला) तिथे डिसॲडव्हांटेज, म्हणजे यश अवघड.

— आणि तिसरी पायरी सोपी कशी? आमचा डीएम दर भुयारात 'किर्र अंधार' म्हणतो. किर्र हा रातकिड्यांचा आवाज. रान किर्र, रात्र किर्र. दगडी कोठडीत कुठले आलेत रातकिडे? तिथे 'मिट्ट काळोख'. मशाल पाण्यात पडली तर 'सगळं अंधारात गुडुप', कारण त्यात एका क्षणात घडलेलं काहीतरी आहे.

— काळोख अंधारापेक्षा दाट असतो, असं गृहीत धरताय का? आम्हा कोकणातल्यांना रोज संध्याकाळी नुसता काळोखच होतो, त्यात भीतीबिती काही नाही. घाबरवायचं असेल तर 'डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही' म्हणा. नियमाच्या दृष्टीनेही बरोबर आहे, पूर्ण अंधारात साधी नजर आंधळीच धरतात.

— साधी नजर! एल्फ आणि ड्वार्फ या खेळातल्या जमातींचं काय? त्यांना डार्कव्हिजन असते, म्हणजे अंधारात पाहू शकणारी नजर. डार्कव्हिजनवाल्याला ६० फुटांपर्यंतचा अंधार डिम लाइटसारखा दिसतो, पण रंग कळत नाहीत, फक्त करड्या छटा. म्हणजे एकाच खोलीचं वर्णन दोनदा करायला हवं. माणसाला 'मिट्ट'. एल्फला 'भिंतीवरून काहीतरी काळपट ओघळलंय'. 'लाल' हा शब्द मशाल पेटेपर्यंत तोंडातून काढायचा नाही. बहुतेक डीएम इथेच घाई करतात आणि चांगला प्रसंग वाया घालवतात.

— म्हणूनच मला २०२३चा शॅडोडार्क हा याच धाटणीचा खेळ आवडतो. खेळाडूंपैकी कुणालाच डार्कव्हिजन नाही आणि मशाल खऱ्या घड्याळातला एक तास जळते. टेबलावर टायमर लावला की विशेषणं आपोआप कमी होतात.

— 'अंधूक' आणि 'करडं' घेतलं, आभार. एक शंका राहिली. मशाल विझत आली की तिची ज्योत काय करते? 'फडफडते' लिहिलं होतं, खेळाडूंनी वटवाघूळ समजून बाण मारला.

— 'फरफरते'.