मदत हवी आहे: कॉम्प्रेसर नुसता घूं करतो आणि एमसीबी पडतो

खटपट्या
हवेचा नवीन कॉम्प्रेसर आहे. सकाळी मस्त चालला. आता बटण दाबलं की घूं घूं आवाज, मोटर फिरत नाही आणि पाच-सात सेकंदांत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली. काम अडकलंय, लवकर सांगा.

पाना_१२
किती एचपी? सिंगल फेज? टाकी किती लिटरची, एमसीबी किती अँपिअरचा, चालू करताना गेजवर किती प्रेशर होतं? आणि कळेपर्यंत परत परत बटण दाबू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वाइंडिंग जळेल.

खटपट्या
२ एचपी, सिंगल फेज, ५० लिटर, एमसीबी १६ चा. गेज बघितलं नाही, टाकीत हवा होती.

तारायंत्र
घूं म्हणजे कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला. त्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरॅडचा आणि व्होल्टेजचा नवीन टाका.

पाना_१२
आधी टाकी रिकामी करून बघू द्या. स्टार्टचा कपॅसिटर मेला असेल तर मोटर रिकाम्या टाकीवरही उचलणार नाही. खटपट्या, खालचा ड्रेन कॉक हळू उघडा, गेज शून्यावर आलं की चालू करा.

बिनधास्त
एवढं कशाला? ३२ चा एमसीबी बसवा, पडायचा बंद होईल.

तारायंत्र
हे कृपा करून करू नका. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. सॉकेट १६ चं, वायर त्याच मापाची, आणि वर ३२ चा बसवला तर वायर भाजेल तरी तो पडणार नाही. सुरुवातीच्या झटक्याने क्षणात पडत असता तर नेहमीच्या सी कर्व्हऐवजी १६ चाच डी कर्व्ह, म्हणजे सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा प्रकार, हा विचार ठीक होता. इथे पाच-सात सेकंद लागतायत, म्हणजे मोटर जॅम आहे आणि एमसीबी आपलं काम चोख करतोय.

खटपट्या
रिकामी केली, लगेच उचलली! ८ बारला आपोआप बंद झाली, ६ ला आपोआप सुरूही झाली. मग भरत असतानाच भिंतीवरच्या बोर्डावरून बंद केली, थोड्या वेळाने लावली तर परत घूं.

पाना_१२
हेच हवं होतं. बोर्डावरून बंद करू नका. प्रेशर स्विचवरची लाल खुंटी 'ऑफ' करा. स्विचच्या बगलेला रिफिलएवढी बारीक नळी आहे ना, ती अनलोडरची. खुंटीने बंद केलं, किंवा मशीन आपोआप थांबलं, की अनलोडर उघडतो आणि हेड (पिस्टनच्या वरचा भाग) ते नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा उलटी येऊ न देणारा) एवढ्या पाइपातली हवा 'फुस्स' करून सोडतो. पुढच्या वेळी पिस्टनवर दाब नसतो. भिंतीवरून वीज तोडली तर स्विचला काहीच कळत नाही, हवा तिथेच कोंडते आणि मोटर त्या दाबाविरुद्ध उचलू शकत नाही.

फुस्स दोन-तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. आलंच नाही तर नळी चेपलीय किंवा अनलोडरची पिन अडकलीय. थांबतच नसेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. तो उघडायच्या आधी प्लग काढा, गेज शून्यावर आणा, पाइप गार होऊ द्या.

रंगारी_काका
माझ्या स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात, फिल्टर लावलाय तरी. काय करावं?

पाना_१२
काका, फिल्टर टाकीला चिकटून असेल. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात निघून जातं आणि पुढे नळीत गार होऊन थेंब होतात. फिल्टर शक्य तितका लांब, गनच्या बाजूला लावा. टाकीचा ड्रेन रोज उघडा.

बिनधास्त
लांब न्यायचं तर पाण्याचा पीव्हीसी पाइप टाका, स्वस्तात होतं.

लोहार_गल्ली
हवेसाठी पीव्हीसी कधीच नाही. पाण्याच्या दाबाने तो चिरतो, हवेच्या दाबाने त्याच्या ठिकऱ्या उडतात. पाइपावर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), तांबं किंवा हवेसाठीचीच नळी वापरा.

खटपट्या
खुंटीने बंद केली, फुस्स आलं, परत सुरू झाली. पण उचलताना दिवे मंद होतात आणि मोटर जरा रेंगाळते. २५ मीटरचं एक्स्टेन्शन आहे, त्याने फरक पडतो का?

तारायंत्र
वायर किती चौरस मिमीची?

खटपट्या
१ ची. बरीचशी रिळावरच गुंडाळलेली असते.

तारायंत्र
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. जाऊन-येऊन ५० मीटर तांबं म्हणजे जवळपास ०.९ ओहम. उचलताना ५० अँपिअर धरले तर ४५ व्होल्ट वायरीतच गेले. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे मोटरला जेमतेम ६५ टक्के जोर मिळतो. शिवाय गुंडाळलेली वायर तापते. प्लग थेट १६ च्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा आणि वायरीऐवजी हवेची नळी लांब घ्या. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ ची वायर, पूर्ण उलगडून.

लोहार_गल्ली
कुणी विचारलं नाही, तरी सेफ्टी व्हॉल्व्हची (टाकीत दाब फार वाढला तर हवा सोडणारा) कडी चष्मा लावून दाबाखाली ओढून बघा. हवा जोरात सुटून, सोडल्यावर लगेच बंद झाली पाहिजे. अडकला असेल तर त्याच सेटिंगचा नवीन. तिथे प्लग ठोकणं किंवा गंजलेल्या टाकीला वेल्डिंग मारणं, दोन्ही जिवावर बेततं.

बिनधास्त
ऑइल कुठलं टाकलंय? गाडीचं चालतं.

पाना_१२
आधी मशीन ऑइलचं की ऑइल-फ्री, ते विचारा. ऑइल-फ्रीमध्ये थेंबही टाकायचा नाही. ऑइलचं असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं कॉम्प्रेसर ऑइल, काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत.