सेपरेटर कोरडा, तरी गनमधून पाणी कसं येतं?

डिचोलीचा चेतकवाला
घर डिचोलीत. गॅरेज म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा. बाबांची जुनी चेतक रंगवायला काढलीय, चवथीपर्यंत दारात उभी करतो असं आईला सांगून बसलोय. दोन एचपीचा कॉम्प्रेसर, शंभर लिटरची टाकी. टाकीच्या तोंडावरच वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी पकडून खालच्या कपात जमवणारा), तिथून थेट रबरी पाइप रंग मारायच्या गनला.

डाव्या बाजूचं पॅनल झकास आलं. उजवं अर्ध्यावर असताना गन थुंकली. सकाळी बघतो तर रंगावर तांदळाच्या कणीएवढे फोड. घासून परत मारलं, परत तेच. आणि सेपरेटरचा कप ठणठणीत कोरडा! भिंतीवरून कायमची लाइन टाकावी म्हणतो. प्लंबर म्हणतो पीव्हीसी घाला, स्वस्तात पडेल.

वेर्ण्याचा फिटर
पीव्हीसी अजिबात नको. दाबाखाली फुटला की काचेसारखे तुकडे उडतात.

कप कोरडा आहे कारण सेपरेटर चुकीच्या जागी आहे. कॉम्प्रेसर सलग चालला की टाकीतून हवा गरमच निघते, त्यातलं पाणी तेव्हा वाफेत असतं. सेपरेटर थेंब पकडतो, वाफ त्याच्या हाताला लागत नाही. पुढे पाइपात हवा निवते, वाफेचं पाणी होतं आणि ते तुमच्या पॅनलवर येतं. पहिलं पॅनल चांगलं आलं, कारण तेव्हा टाकी थंड होती.

आपल्याकडच्या जुलैच्या हवेत घनमीटरला पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं. आठ बारला दाबून निवली की त्यातलं वीसेक ग्रॅम बाहेर पडणारच. मिनिटाला दोनशे लिटर हवा धरा, तासाला पाव लिटर पाणी झालं.

म्हणून आधी हवा निवू द्या. १५ मिमी तांब्याचा पाइप घ्या, भिंतीवर दोन-तीन वेळा वर-खाली फिरवा, प्रत्येक खालच्या वळणाला बॉल व्हॉल्व्ह. आडव्या पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा. गनसाठी फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढा, खालून काढलात तर वाहतं पाणी सरळ गनमध्ये. सेपरेटर अगदी शेवटी. कॉम्प्रेसर आणि तांबं यांच्यामध्ये हातभर होज ठेवा, नाहीतर हादऱ्याने सांधे सुटतील. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) चालतो, पण आतून गंजतो आणि ती पूड रंगात येते.

रंगारी म्हापसा
वरचं सगळं बरोबर. सेपरेटरपुढे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा डबा लावा, फक्त रंगाच्या फाट्यावर. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकघरातल्या कढईत मात्र नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. आणि लाइनवर ऑइलर (हवेत तेल सोडणारा) असेल तर काढा, तेलाने रंगात खळगे पडतात.

बाकी, भर पावसात रंग मारायची घाई मला पटत नाही. लाइन कोरडी केलीत तरी गॅरेजातली हवा ओलीच.

डिचोलीचा चेतकवाला
आईला कोण सांगणार!

तांबं आणलं, वर-खाली तीन फेरे मारले. काल टाकीखालचा नळ पहिल्यांदाच सोडला (हो, तीन वर्षांत पहिल्यांदा). चहासारखं तांबूस पाणी, तांब्याभर. आज तासभर गन चालवली. मधल्या व्हॉल्व्हला पाणी, सेपरेटरच्या कपात बोटभर, आणि आरशावर धरलेल्या हवेचा एक थेंब नाही. उद्या उजवं पॅनल.

वेर्ण्याचा फिटर
तांबूस म्हणजे टाकी आतून गंजतेय. पॅनल राहू द्या, आधी ती तपासून घ्या. तोवर कॉम्प्रेसर चालू करू नका.