एलओसी फाइल की जीपीएक्स फाइल? जिओकॅशिंगच्या कॅशची (लपवलेल्या डब्यांची) यादी सोबत्यांना कशी पाठवावी?

प्रश्न:
आम्ही अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमधील चार मराठी कुटुंबे रविवारी बीव्हरक्रीकजवळ जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाला, जाणार आहोत. ३ मे २००० रोजी जगातला पहिला डबा जिथे ठेवला गेला, तिथूनच सुरुवात करायची आहे. प्रत्येकाकडे वेगळे उपकरण असल्याने मी यादी एलओसी फाइलमधून पाठवली. पण बिंदू दिसतात, वर्णन व इशारे (डबा शोधायला मदत करणाऱ्या खुणा) मात्र कुणालाच दिसत नाहीत. शिवाय पहिल्या जागेचा बिंदू मी हाताने भरला, तो चीनच्या ईशान्य भागात उमटला. काय चुकले असावे?

उत्तर १:
एलओसीमध्ये कॅशचा क्रमांक, नाव, अक्षांश-रेखांश आणि संकेतस्थळाचा दुवा यांपलीकडे फारसे काही मावत नाही. वर्णन, इशारा आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी हव्या असतील, तर जीपीएक्सच घ्यावे. २००२ साली आलेले हे स्वरूप बहुतेक उपकरणे वाचतात आणि जिओकॅशिंगची जादा माहिती त्यात विस्तार म्हणून जोडलेली असते. जीपीएसबेबेल या फाइलींचे स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रामने एलओसीचे जीपीएक्स जरूर होते, पण मुळात नसलेला इशारा त्यातून उगवत नाही; त्यामुळे यादी पुन्हा जीपीएक्समध्येच उतरवून घ्यावी. चीनचे म्हणाल, तर पश्चिम रेखांशाआधी लागणारे उणे चिन्ह राहिले असावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. उणे चिन्ह दिल्यावर बिंदू ऑरेगनमध्ये आला, तरीही तो मूळ जागेच्या आग्नेयेला सुमारे १८ किलोमीटरवर पडतो. मी ४५.१७४६० आणि -१२२.२४८०० असे भरले आहे.

उत्तर २:
ती जागा उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००' अशी लिहितात. यातले १७.४६० हे मिनिटे आहेत, अंशाचा दशांश भाग नव्हे. दोन्ही फाइलींना दशांश अंश लागतात; म्हणून मिनिटांना ६० ने भागून ४५.२९१००० आणि -१२२.४१३३३३ असे भरावे. दशांशानंतरचे सहा अंक कृपया तोडू नयेत. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात जेमतेम १.८ मीटर, आणि झुडपात डबा शोधताना तेवढ्यानेही फरक पडतो. फाइल साध्या मजकूर संपादकात उघडून 'लॅट' (अक्षांश) व 'लॉन' (रेखांश) हे दोन आकडे पाठवण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावेत. मी दर वेळी तसे करतो.

प्रश्नकर्ता:
बिंदू आता बरोबर जागी आला. चारही कुटुंबांना नवी जीपीएक्स फाइल पाठवली आहे आणि जुनी पुसून टाकायला सांगितले आहे.