स्वस्तातला पण गुणी अ‍ॅम्प्लिफायर: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना वडिलांचा एनएडी ३०२० अ‍ॅम्प सापडला. १९७८ साली बाजारात आलेलं मॉडेल, आमच्याकडे आला तेव्हाच सेकंडहँड होता. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मित्रांकडे शंभर-शंभर वॅट लिहिलेले डबे, आणि आमच्या या काळ्या ठोकळ्यावर जेमतेम २०!
जोडला, दिवा लागला, आवाज शून्य. अर्धा तास वायरी उपसल्या. मग आठवलं, मागे प्री-आउट आणि मेन-इन (अ‍ॅम्पच्या आतल्या दोन टप्प्यांची टोकं) जोडणाऱ्या यू आकाराच्या पट्ट्या असतात. पुसताना मीच काढून खिशात टाकल्या होत्या. बसवल्या आणि पेटीच्या भात्याचा सुस्कारासुद्धा ऐकू आला. तुमच्याकडे असा कुठला डबा होता का?

*

खिशात टाकल्या 😂 पँट मशीनमध्ये गेली नाही हे नशीब.

*

वॅटवर जाऊ नका हो. वॅट दुप्पट केले की मिळतात फक्त ३ डेसिबल. २० चे ४० केले तर शेजाऱ्याला फरक जेमतेम कळतो. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो ते. ८५ च्या जागी ९१ डेसिबलचे लावले तर तेवढ्याच आवाजाला आधीच्या पाव हिश्श्याइतके वॅट पुरतात. शिवाय ३०२० ला मागे सॉफ्ट क्लिपिंगचं बटण आहे. ताकद संपत आली की लाट कचकन कापण्याऐवजी गोलसर करतो. बाकी नंतर लिहिते, लेकीची शाळेची व्हॅन आली.

*

माझा लहानसा, टीए२०२४ चिपवाला. हातात मावतो, बारा व्होल्टवर चालतो. कागदावर १५ वॅट, पण ते चार ओहमच्या स्पीकरला आणि दहा टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) धरून! हळू आवाजात मात्र काय गोड वाजतो. भावाने हेडफोनची सोय करायची म्हणून दोन्ही स्पीकरच्या उणे वायरी एकत्र पिळल्या. त्या चिपचं आउटपुट ब्रिज्ड, म्हणजे दोन्ही वायरींत सिग्नल; उणे म्हणजे ग्राउंड नव्हेच. फट्ट. भाऊ अजून म्हणतो की तो आधीच बिघडलेला होता.

*

सगळ्यांचे भाऊ सारखेच.

*

मी दोन वर्षं अ‍ॅम्पला शिव्या दिल्या, बास नाही म्हणून. विकायला काढला. घ्यायला आलेल्या काकांनी वाकून बघितलं, एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लावलेल्या, त्यामुळे दोघांचा बास एकमेकांना मारत होता. सुलट केल्या आणि खोली भरून गेली. काका हसले, म्हणाले, "आता देणार नाहीस ना?" नाही दिला. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आठवला की अजून ओशाळायला होतं.

*

आमच्या अ‍ॅम्पवर मांजर झोपतं, ऊब लागते म्हणून. चालेल का?

*

मांजराला चालेल, अ‍ॅम्पला नाही. वरची जाळी झाकली की आतले कॅपॅसिटर लवकर सुकतात.

*

मग शेजारी पुठ्ठ्याचं खोकं ठेवून बघते.

*

खोक्यात बसेल ते, अ‍ॅम्पकडे ढुंकून बघणार नाही. आमचं तसंच आहे. फोटो टाका, मांजराचा.

*

धागाकर्ता: तुमचं वाचून मीही मागे वाकून बघितलं. डावा स्पीकर उलटाच निघाला. वडील असते तर आधी मलाच शोधत आले असते.