‘प्युडेंडल कॅनॉल’ला मराठीत काय म्हणावं?

दवबिंदू: फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीच्या पेशंटांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. प्युडेंडल नर्व्ह, म्हणजे जननेंद्रियांच्या भागाला संवेदना देणारी नर्व्ह, त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या) २, ३, ४ क्रमांकांच्या मुळांतून निघते. बैठकीच्या हाडाच्या आतल्या अंगाला स्नायूच्या आवरणात एक चिंचोळी वाट असते, तीच प्युडेंडल कॅनॉल; तिच्यातून ही नर्व्ह रक्तवाहिन्यांच्या सोबतीने पुढे जाते. तिथे दाबली गेली की खुर्चीवर बसवत नाही, कमोडवर मात्र जरा बरं वाटतं. लॅटिन ‘पुडेरे’ म्हणजे लाजणं, म्हणून मी ‘लज्जाचेता नलिका’ लिहिलं. मैत्रिणीने काट मारली. म्हणाली, दुखण्याने अर्धमेली झालेली बाई, तिला वर लाज कशाला वाचायला लावतेस?

पाटीपेन्सिल: ‘गुह्य’ घ्या. गुह् म्हणजे झाकणं, लपवणं. आपल्याकडे तो भाग झाकलेला आहे, लाजिरवाणा नाही. लाज युरोपातली. जर्मनमध्ये जघनास्थीलाच (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला) ‘शामबाइन’, लाजेचं हाड म्हणतात.

काळीमाती: ‘लाज झाकायला धडुतं नाही’ म्हणायची माझी आजी. ती लाज कुठली?

पाटीपेन्सिल: ती अब्रू.

काळीमाती: अब्रूला धडुतं लागत नाही, सर.

कंदील: लाज नको तर ‘अल्कॉकची नलिका’ म्हणा. बेंजामिन अल्कॉक, आयरिश शरीररचनातज्ज्ञ. १८३६ मध्ये वर्णन केलं, तेही रोहिणीबद्दल लिहिताना. पुढे कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, तिथे वाद होऊन नोकरी गेली, १८५५ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे त्याचा पत्ताच नाही. माणूस हरवला, निदान वाटेला तरी नाव राहू द्या. आणि २०१९च्या शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतून ‘पुडेंडम’ (स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचा शब्द) गाळलाय, नर्व्हचं नाव मात्र तसंच ठेवलंय.

परिचारिका_निवृत्त: पंचवीस वर्षं वॉर्डात काढली. लज्जा कोणी म्हणालं नाही, गुह्यही नाही. बायका ‘खाली दुखतंय’ म्हणतात, पुरुष ‘अवघड जागी’. ‘नस दबलीय’ लिहा, सगळ्यांना कळेल.

पाटीपेन्सिल: नस म्हणजे रक्तवाहिनी! नर्व्हला चेता हा शब्द आहे.

काळीमाती: आम्ही शाळेत मज्जातंतू शिकलो. चेता कधी आली?

दवबिंदू: गुरुवारी छपाई आहे. नलिका की मार्ग, तेवढं सांगा. ‘कॅनॉल’ लिहिलं तर आमच्याकडे उसाला पाणी देणारा कालवाच डोळ्यांपुढे येतो.

परिचारिका_निवृत्त: नस रक्तवाहिनी, तर मग ‘मानेची शीर आखडली’ म्हणतो तेव्हा कुठली शीर आखडते, सर?