अनुभव धागा: सेंटर स्पीकरचा आवाज तुम्ही कसा जुळवलात?

घरी ५.१ (समोर डावा, सेंटर म्हणजे मधला, उजवा, मागे दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) बसवलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत सगळं दणदणीत, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. अशा ५.१ ध्वनिमिश्रणात जवळजवळ सगळे संवाद एकट्या सेंटरमधून येतात, त्यामुळे तो बिनसला की गोष्टच हातातून जाते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण संवाद कळेनासे झाले की घरातली वयस्कर माणसं तक्रार न करता उठून आत जातात. तुम्ही काय केलंत ते लिहा. नुसतं "सेंटर वाढवा" नको. किती वाढवला, आणि त्याआधी काय तपासलं तेही सांगा.

सुरुवात मी करतो. रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) माइकने आपोआप होणारी जुळणी आधी करून घेतली. माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर. मग टेस्ट टोन (रिसीव्हरचा चाचणीचा आवाज) लावून ध्वनिमापकाने प्रत्येक स्पीकर पुन्हा मोजला: मापकाची सेटिंग सी वेटिंग आणि स्लो, लक्ष्य ७५ डेसिबल. सेंटर बाकीच्यांपेक्षा २ डेसिबल कमी निघाला. तो बरोबरीला आणला आणि वर आणखी २ दिले. एवढंच पुरलं. त्याहून वाढवला तर डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मधे आल्यावर एकदम मोठी होते आणि पडद्याची रुंदीच हरवते. मापक नसेल तर मोबाइलमधलं अॅपही चालतं. त्याचा आकडा चुकला तरी एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना नीट होते.

खर्ज

आमच्याकडे आवाज कमी नव्हता, घुमत होता. सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला, तिन्ही बाजूंनी लाकूड. जितका वाढवावा तितका "बुम्म" वाढे, शब्द तिथेच. स्पीकर कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढला, खाली रबराच्या पाचरी लावून तोंड वर, थेट सोफ्याकडे केलं. सेटिंगमध्ये त्याला 'स्मॉल' (लहान स्पीकर) करून क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वाटून देण्याची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे गेला. यानंतर सेंटरचा आकडा उलट १ डेसिबलने कमी करावा लागला. समोर काचेचं टेबल असेल तर त्यावर जाड कापड टाकून ऐकून बघा. काचेवरून उसळलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि व्यंजनं पुसट होतात.

कानसेन

माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, फ, थ ओळखायला नेमकी तीच पट्टी लागते. म्हणून बाबा म्हणायचे, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत." सेंटर ५ डेसिबल वाढवून पाहिला. त्यांना थोडं बरं वाटलं, पण बाकीच्यांना ते कानावर आदळायला लागलं. शेवटी सेंटर ३ वर आणला आणि फक्त त्याच स्पीकरच्या इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचलला. बाबांची खुर्ची कोपऱ्यातून मधे आणली. याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला, कारण आडव्या सेंटर स्पीकरचा आवाज बाजूला बसणाऱ्याला बऱ्याचदा नीट पोहोचत नाही. आता ते शेवटपर्यंत बसतात आणि मधेच "काय म्हणाला?" असं विचारत नाहीत. मला याहून जास्त काही नको होतं.

साधी तार

आकडे बदलण्याआधी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय येतंय ते पाहा. आमचा टीव्ही ध्वनी पीसीएम करून पाठवत होता, म्हणजे दोनच चॅनल, आणि रिसीव्हर स्टिरिओ मोडमध्ये. सेंटर मुकाच होता! टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम (मूळ ध्वनी न उलगडता तसाच पाठवणं) केल्यावर ५.१ यायला लागलं. मुळातच स्टिरिओ असलेल्या कार्यक्रमांसाठी रिसीव्हरचा डॉल्बी सराउंड मोड लावते, तो दोन्हीकडे सारखा असलेला आवाज काढून सेंटरला देतो.

आणि वायर पाहा. लाल-काळी उलटी लागली असेल तर आवाज पोकळ येतो, कुठून येतोय ते ठरत नाही. तसा सेंटर कितीही वाढवला तरी नीट होत नाही.

शांत रात्र

लहान मूल शेजारच्या खोलीत झोपतं, त्यामुळे आम्ही कायम कमी आवाजात बघतो. यात अडचण वेगळी आहे. सिनेमागृहासाठी केलेल्या मिश्रणात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. कुजबुज ऐकू येईल इतका आवाज ठेवला की स्फोटाने मूल जागं होतं. नाइट मोड, म्हणजे डायनॅमिक रेंज कमी करणारी सोय, हे अंतर आवळते. रिसीव्हरमध्ये ऑडिसी (आवाज आपोआप जुळवणारी प्रणाली) असलेल्यांनी त्यातली डायनॅमिक ईक्यू ही सोय तपासावी. आवाज कमी केला की ती खर्जाबरोबर मागचे स्पीकरही उचलते, आणि संवाद त्यात बुडतात. त्यातल्या 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' या सेटिंगचा आकडा १० किंवा १५ केला की हा परिणाम सौम्य होतो. आम्ही रात्रीसाठी सेंटर ३ डेसिबल वर ठेवलेली वेगळी सेटिंग जतन केली आहे. दिवसा तीच ठेवली तर मजा जाते.

मधली जागा

थोडं वेगळं मत मांडते. आमच्या खोलीत सेंटरला धड जागाच नाही आणि आम्ही दोघंच, अगदी मधोमध बसतो. रिसीव्हरमध्ये सेंटर 'नन' (म्हणजे सेंटर नाहीच) केला की त्याचे संवाद पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये समान वाटले जातात आणि आवाज पडद्याच्या मधूनच येतोय असं वाटतं. पुढचे दोन स्पीकर चांगले असतील तर चुकीच्या जागी कोंबलेल्या लहान सेंटरपेक्षा हे केव्हाही स्पष्ट. मात्र बाजूला सरकून बसलं की आवाजही त्या बाजूला सरकतो, म्हणून चार-पाच माणसांच्या घरात मी हे सुचवणार नाही. सेंटर काढायचा नसेल तर निदान तो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घ्या. स्वर जुळला की आकड्यांशी फार झुंजावं लागत नाही.